वाजला का

उद्यानाच्या नकाशावर या कड्याला नाव नाही.
आम्ही त्याला कान म्हणतो.
गावापासून दोन तासांचा चढ, शेवटचा अर्धा तास नुसती सैल खडी,
मग एक सपाट कातळ, दस्तरखानाएवढा,
आणि त्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, वीतभर जागेत,
रेंज येते. एक कांडी.
जरा डावीकडे सरकलात की गेली.
कोणीतरी तिथे चुन्याने गोल काढून ठेवलाय,
पुसट झाला की मीच परत काढतो.

मी वनरक्षक. माझं काम हिमबिबट्यांचे कॅमेरे बघणं,
रानबोकड मोजणं, दुर्बिणीतून
चोरट्या शिकाऱ्यांच्या चुलीचा धूर शोधणं.
गुरुवारी वर जातो, म्हणून बुधवारी संध्याकाळी
माझ्याकडे फोन येतात.
येतात म्हणजे पायी येतात,
पोरांच्या मुठीत, रुमालाच्या गाठीत,
एक तर दर वेळी कोंबडीच्या पिसासकट.
पिठाच्या पिशवीत टाकतो. अकरा, कधी तेरा.

वर पोचलो की एकेक त्या गोलात ठेवतो
आणि थांबतो.
आधी काहीच नाही. वारा. खाली बारतांग, राखेच्या रंगाची.
मग थरथर सुरू होते.
मॉस्कोहून, सुरगुतहून, येकातेरिनबुर्गहून
आठवड्याचं सगळं एकदम:
पैसे पाठवले. पैसे नाही पाठवले. पाय बरा आहे.
बाळाचा फोटो, कपाळापर्यंतच उतरलेला.
मी वाचत नाही.
एवढ्या वर्षांत दोनदा वाचलं. त्याबद्दल आत्ता नको.
उतरताना पिशवी जड लागते. हसू नका, लागते.

गुलबेगिमचा फोन तेवढा गप्प.
लाल, बटणांचा, मागचं झाकण रबराने बांधलेलं.
शोदमोनचा शेवटचा फोन जर्दाळू वाळत घालायच्या दिवसांतला,
त्याला आता दोन हिवाळे झाले.
काय म्हणाला, कधी येतो, असलं ती विचारत नाही.
दारातच, हात पिठाचे, एवढंच:
वाजला का?
नाही म्हटलं की चहा देते. मिठाचा, दुधाचा, वर लोणी.
नको म्हणायची सोय नाही.

त्या गुरुवारी बर्फ भुरभुरत होतं.
बाकीचे सगळे वाजून पिशवीत गेले होते.
तिचा गोलात, माझा गोलाच्या कडेला टेकवलेला,
दोघांना पुरेल एवढी रेंज त्या दिवशी होती.
तिचा नंबर दाबला.
हाक निघाली. खोरोगला गेली असेल,
तिथून दुशान्बेला, कुठल्याशा थंड खोलीतल्या पेट्यांमधून फिरून
पुन्हा सगळे डोंगर चढून आली, धाप न लागता,
चार बोटांवर.
लाल फोन वाजला.
लग्नातली कसलीशी धून. शोदमोननेच भरलेली असणार.
दोनदा वाजू दिला. कापला.

खाली दारात ती.
वाजला, म्हटलं. खोटं नव्हतं ते.
तिने तसाच पिठाच्या बोटांनी फोन घेतला.
बॅलन्स नसेल मेल्याकडे, म्हणाली,
मिस्ड कॉल देतो, लहानपणापासून असाच,
दुसऱ्याच्या खर्चाने बोलणारा.

मग फोन नातीपुढे धरला: वाच गं.
परिनिसो सात वर्षांची, तिला आकडे येतात.
चौकीच्या दारावर माझा नंबर रंगवलाय,
वणवा लागला तर, बिबट्या गोठ्यात शिरला तर,
आणि शाळेत जाता-येता
ती तो चालीवर म्हणत जाते.

वाचू लागली. पाचव्या आकड्याला थांबली.
माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

लांबचा आहे, म्हणाली.

चहा आला. लोणी रोजच्याहून जास्त.
मी घाईने प्यायलो, जीभ भाजली.